चिक चॉकलेट : दोन स्वरलिपींच्या सीमेवरील एक वाद्यवृंदनायक

१९५१ साली प्रदर्शित झालेल्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटातील ‘दीवाना परवाना’ या नृत्यगीतात, झालरींच्या बाह्यांचा लॅटिन-अमेरिकन थाटाचा पोशाख केलेला वादकांचा एक ताफा पडद्यावर दिसतो. चित्रपटात दिसणारे वादक बहुधा वाद्य नुसते हाती धरून असतात. प्रत्यक्ष वाजविणारे निराळेच असतात आणि ते प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहतात. येथे मात्र तसे नाही. हा ताफा खरा आहे, आणि त्याचा ट्रम्पेटवादक नायक म्हणजे त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून गाजत असलेले चिक चॉकलेट होत. संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक होते. साहाय्यकाला असा पडद्यावर आणण्याचा प्रसंग हिंदी चित्रपटाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

चिक चॉकलेट यांचे चरित्र मनोरंजक आहे यात शंका नाही. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातून उपस्थित होणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चाल एकाने बांधावी, ती वाद्यवृंदासाठी कागदावर दुसऱ्याने उतरवावी, आणि दोघांचे मिळून जे सिद्ध झाले ते एकाच्याच नावे जमा व्हावे, असे का घडले? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः निर्मात्यांच्या अनुदारतेत शोधले जाते. ते तेथे आहेच. परंतु त्याचा काही भाग लेखनपद्धतीत, म्हणजे स्वर लिहिण्याच्या दोन भिन्न रीतींमध्येही आहे, आणि तिकडे भाषाभ्यासकाचे लक्ष जावयास हवे.

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या हळदोणे या गावी झाला. मुलाने यंत्रकाम शिकून चार पैसे मिळवावेत अशी त्यांच्या आईची इच्छा होती. ती अवाजवी होती असे म्हणता येणार नाही, कारण वादकाच्या धंद्यात अन्नाची शाश्वती त्या काळी फारशी नव्हती. मुलाचा ओढा मात्र संगीताकडे होता, आणि त्या ओढ्याला वाट करून देणारी संस्था गावातच उभी होती. ती म्हणजे चर्चला जोडलेली संगीतशाळा.

या शाळांचे महत्त्व गोव्याबाहेरील वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या आश्रयाने मुलांना गायन, व्हायोलिन आणि मुख्यतः पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. हेतू उघडच धार्मिक होता. प्रार्थनेच्या वेळी गाणारे व वाजविणारे हात तयार असावेत एवढाच. परिणाम मात्र हेतूपेक्षा पुष्कळ मोठा झाला. पाच रेघांवर मांडलेले स्वर समोर आले असता ते न अडखळता वाचणारी, पूर्वी कधीही न ऐकलेली रचना केवळ कागदावरून वाजविणारी माणसे गोव्याने पिढ्यान्‌पिढ्या निर्माण केली. घरी कोकणी, चर्चमध्ये लॅटिन, कचेरीत पोर्तुगीज आणि पोटासाठी मुंबईस गेल्यावर इंग्रजी व हिंदुस्थानी अशा भाषांच्या गर्दीत वाढणाऱ्या या मुलांना स्वरलेखन ही आणखी एक लिपी म्हणून मिळाली. तिच्या जोरावर ती सैनिकी वाद्यवृंदात, संस्थानिकांच्या पदरी, जहाजांवर व हॉटेलांत नोकऱ्या करू लागली. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोमंतकीयांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ काढले होते. नोकरीच्या शोधात आलेल्या वादकाला पहिला आसरा बहुधा तेथेच मिळे.

वाझ मुंबईच्या वाद्यवृंदांत शिरले तेव्हा शहराच्या कानाला जॅझची ओळख नुकती होऊ लागली होती. १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी हे संगीत येथे रुजविले. वेदरफोर्ड तर या देशातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यास वारले. या मंडळींबरोबर बसून वाजविण्याची संधी गोमंतकीय व पारशी वादकांना मिळाली, आणि थोड्याच काळात मिकी कोरिया, रूडी कॉटन, फ्रँक फर्नांद अशी येथलीच नावे पुढे आली. वाझ प्रथम ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या ताफ्यात होते. १९४५ च्या सुमारास त्यांचा स्वतःचा अकरा वादकांचा ताफा अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात वाजवू लागला. ताजमहालला लागून असलेले हे हॉटेल पुढे पाडण्यात आले. त्याच्या जागी आज ताजचा मनोरा आहे. त्यांच्या ताफ्याच्या ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने काढल्या होत्या. त्यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग हा होता. आर्मस्ट्राँगचा घोगरा स्वर, रंगमंचावरील वावर आणि ट्रम्पेटचा खणखणीत सूर यांचे त्यांनी मनःपूर्वक अनुकरण केले, व ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्यांची जाहिरात झाली.

त्यांच्या धंद्यातील नावाकडेही येथे क्षणभर पाहण्यासारखे आहे. ‘चिक’ हा शब्द फ्रेंच उच्चाराप्रमाणे ‘शिक’ असा म्हटला तर ‘चॉकलेट’शी त्याचा अनुप्रास जुळत नाही. मुंबईने तो ‘चिक’ असाच उच्चारला आणि त्यामुळे नाव जिभेवर बसले. वाझ हे आडनाव मात्र लोकांच्या स्मरणातून पुसले गेले. परक्या देशाचा वास येणारे नाव धारण केल्याखेरीज येथल्या माणसाला या धंद्यात मान नव्हता. पारशी खटाव यांचे रूडी कॉटन झाले तेही याच न्यायाने.

जॅझची घडण ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन नीट समजणार नाही. न्यू ऑर्लीन्सच्या निग्रो वस्तीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी आकाराला आलेले हे संगीत बव्हंशी मौखिक होते. मूळ चाल सर्वांना ठाऊक असे. वादक आपल्या पाळीला तिच्यावर उत्स्फूर्त विस्तार करी. या बाबतीत ते आपल्या ख्यालगायनाला फारसे परके नाही. पुढे १९३० नंतर वाद्यवृंद मोठे झाले. पितळी वाद्यांचा एक गट, सॅक्सोफोनांचा दुसरा आणि लय धरणाऱ्या वाद्यांचा तिसरा, अशी रचना रूढ झाली. एका गटाने वाक्य टाकावे आणि दुसऱ्याने ते उचलावे, ही त्यातील युक्ती पोवाड्यात शाहिराचा शब्द उचलणाऱ्या झीलकऱ्यांची आठवण करून देणारी आहे. पण दहाबारा माणसांनी एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवावयाचे तर केवळ स्मरणावर भागत नाही. कोणी काय वाजवावयाचे ते लिहावे लागते, आणि लिहिणारा तो ‘अरेंजर’.

गोमंतकीय वादकांचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. त्यांना कागद आधीच वाचता येत होता. शिकावयाचे होते ते कागद सोडून वाजविणे. लिहिलेले दोन समान स्वर जॅझच्या झोक्यात समान राहत नाहीत, पहिला किंचित लांबतो व दुसरा आखडतो. ही गोष्ट कोणत्याही चर्चच्या शाळेत शिकविली जात नव्हती. ती ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा लावून, कानाने टिपून घ्यावी लागे. ज्यांना हे साधले ते थोडेच. चिक चॉकलेट हे त्या थोड्यांपैकी होते, आणि दोन्ही अंगे साधलेला माणूस म्हणून त्यांचे मोल चित्रपटसृष्टीला कळले.

हे वादक चित्रपटांकडे वळण्यास एक बाह्य कारणही साहाय्यभूत झाले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आल्यावर हॉटेलांतील रात्रीचे नृत्य रोडावले. वाद्यवृंद पोसणे मालकांना जड जाऊ लागले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांतील वाद्यमेळ वाढत होता, आणि कागद पाहून झटपट वाजविणारे वादक तेथे हवेच होते. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल असा दुहेरी क्रम कित्येकांनी धरला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचा जन्म १९१८ साली पुणतांबे येथे, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, झाला. नाशिकहून खाली वाहत गेलेल्या गोदावरीच्याच काठचे हे गाव. त्यांनी पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात गायनाचे धडे घेतले. विनायकबुवा हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य. आणि पलुसकरांचे उत्तरायुष्य नाशिकला पंचवटीतील रामनाम आधार आश्रमाशी निगडित आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पलुसकर व भातखंडे या दोघांनी हिंदुस्थानी संगीतासाठी आपापल्या स्वरलेखनपद्धती सिद्ध केल्या होत्या. म्हणजे सी. रामचंद्र हेही एका लिहिणाऱ्या परंपरेचेच वारस होते. अशिक्षित संगीतकार आणि साक्षर वादक असा जो सोपा विरोध पुष्कळदा मांडला जातो तो या ठिकाणी तरी लागू पडत नाही. येथे भेट झाली ती दोन लिपींची.

या दोन लिपींत फरक कोणता? भाषिक चिन्हाचे वाचक अंग हे रेषात्मक असते, ते काळाच्या एकाच सूत्रावर एकामागून एक उलगडत जाते, हा द सोस्यूर यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. देवनागरीतील सरगम अगदी याच स्वरूपाची आहे. सा, रे, ग ही अक्षरे ओळीने येतात. सप्तक दाखविण्यास टिंबे, कोमल-तीव्र दाखविण्यास खुणा आणि तालाचे विभाग एवढ्यावर तिचे काम भागते. एका गळ्याचे किंवा एका वाद्याचे संगीत टिपण्यास ती पुरेशी, किंबहुना फार सोईची आहे. पाच रेघांच्या लिपीत मात्र काळ आडवा आणि स्वराची उंची उभी मांडलेली असते. त्यामुळे एकाच क्षणी निरनिराळ्या वाद्यांनी वाजवावयाचे स्वर एकाखाली एक लिहिता येतात व डोळ्यांना एकदम दिसतात. चाल ही एक रेघ आहे. वाद्यमेळ ही उभ्या-आडव्या धाग्यांची वीण आहे. पहिली दुसरीत नेणे म्हणजे केवळ लिप्यंतर नव्हे. लिप्यंतरात नवीन काही भर पडत नाही. येथे मात्र मूळ संहितेत नसलेले पुष्कळसे लिहावे लागते.

प्रत्यक्ष कामाची रीत पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवी. ती पक्की झाली की अरेंजर ती पाच रेघांवर उतरवून घेई, तिच्याखाली स्वरसंवाद बसवी, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी वाद्यांचे तुकडे रची, आणि मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा तयार होई. यातही एक अडचण आहे, जिची कल्पना श्रोत्याला नसते. ट्रम्पेटवर ऐकू यावयाचा स्वर आणि कागदावर लिहावयाचा स्वर एक नसतात. नेहमीच्या ट्रम्पेटसाठी प्रत्येक स्वर एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो: ऐकू यावयाचा सा असेल तर कागदावर रे. आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर त्याच सा च्या जागी शुद्ध ध पडतो. व्हायोलिनचा कागद आहे तसाच राहतो. गायिकेला काळी एक सोईची नाही म्हणून ऐनवेळी पट्टी बदलली, तर हे सारे कागद पुन्हा लिहावे लागत. सगळे गाणे गायकासह एका दमात मुद्रित होत असल्यामुळे एकाही कागदातील चूक खपण्यासारखी नसे.

‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’ हे गीत या दृष्टीने ऐकावे. चालीची ओळ सोपी व गुणगुणण्याजोगी आहे. कोणालाही ती एकदा ऐकून म्हणता येते. गाण्याला जो रंग चढतो तो मात्र तिच्याभोवती फिरणाऱ्या बोंगोंच्या लयीमुळे आणि ओळ संपताच तिला पकडणाऱ्या फुंकवाद्यांमुळे. हा भाग काढून टाकला तर चाल उरेल, गाणे उरणार नाही. याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही आहे. तेथे चालच सर्व काही आहे आणि वाद्ये नम्रपणे मागे राहिली आहेत. एकाच संगीत दिग्दर्शकाच्या, एकाच चित्रपटातील या दोन रचना शेजारी ठेवल्या की कोणत्या गाण्यात कागदाचा वाटा किती, हे कानालाच कळते.

तरीही श्रेयाची वाटणी सरसकट उलटी फिरविणे योग्य होणार नाही. अलीकडे, विशेषतः ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या स्टुडिओ-वादकांवरील ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाल्यापासून, गोमंतकीय अरेंजरांविषयी आस्था वाढली आहे व ती स्वागतार्ह आहे. परंतु त्या भरात संगीत दिग्दर्शकांना केवळ गुणगुणणारे ठरविण्याची प्रवृत्ती काहींत दिसते; ती अन्यायाची आहे. ‘अनारकली’ (१९५३) सारख्या चित्रपटातील चाली पाहता सी. रामचंद्र यांच्या स्वयंप्रज्ञेविषयी संशय राहत नाही. उलट, पाश्चात्त्य ढंगाच्या ज्या रचनांत चिक चॉकलेट यांचा हात मानला जातो त्यांपैकी ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गीत तर एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन-अमेरिकन गाण्यावरून घेतलेले आहे. तेथे मूळचे कोणते, दिग्दर्शकाचे कोणते आणि अरेंजरचे कोणते, याचा हिशेब तिघांत करावा लागतो. तो सोपा नाही. आणि ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गीताच्या निरर्थक अक्षरांत ‘मला नको’ अशा अर्थाचे कोकणी शब्द कानी पडतात. रामचंद्रांच्या भोवतीच्या गोमंतकीय वादकांच्या बोलीचा हा ठसा कोणत्या श्रेयनामावलीत मांडावा?

श्रेयनामावलीत शब्द होता तो ‘साहाय्यक’. या शब्दाने घोटाळा वाढविला आहे. मराठीत साहाय्यक म्हणजे मुख्य माणसाचेच काम कमी अधिकाराने करणारा; साहाय्यक शिक्षक, साहाय्यक अभियंता या प्रयोगांत अर्थाची हीच छटा आहे. अरेंजरचे काम संगीत दिग्दर्शकाच्या कामाहून जातीने निराळे होते, कमी दर्जाचे तेच काम नव्हते. पुढे मराठी भावगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर ‘संगीत संयोजन’ हा शब्द रूढ झाला व तो पुष्कळ बरा आहे, जरी त्यातूनही रचनेपेक्षा व्यवस्थेचाच बोध अधिक होतो. जी क्रिया भाषेत स्वतंत्र नावाने ओळखली जात नाही तिचा कर्ता लोकांना दिसत नाही. चिक चॉकलेट यांच्या बाबतीत तर कर्ता पडद्यावर दिसत असतानाही लोकांनी तो पाहिला नाही. त्यात भर म्हणजे मुद्रण आटोपल्यावर हे लिहिलेले कागद जपून ठेवण्याची रीत नव्हती. जो पुरावा दाखवून वाटा मागावयाचा तोच उरला नाही.

या संगीताचा पुढला प्रवास मात्र पुन्हा मौखिक झाला. नाशिकसारख्या शहरांतील लग्नाच्या वरातींत वाजणारे बँडवाले ही गाणी ध्वनिमुद्रिकेवरून, कानाने उचलून बसवीत आले. त्यांच्या ट्रम्पेटवर व क्लॅरिनेटवर गायकाची ओळ येते, आणि ओळ संपताच मधला वाद्यांचा तुकडाही येतो. तो वगळून कोणी वाजवीत नाही. तुकडा लिहिणाऱ्याचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तो गाण्याचा भाग आहे की शोभेची झालर, याविषयी त्यांच्या मनात संदेह नाही.

चिक चॉकलेट यांनी मदनमोहन यांच्याबरोबरही काम केले. १९६६ साली ‘आखरी खत’ या चित्रपटात ‘रुत जवाँ जवाँ’ या खय्याम यांच्या गीतात ते पुन्हा पडद्यावर आले. भूपिंदर सिंग गात आहेत आणि चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवीत आहेत, असे ते दृश्य आहे. पुढल्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले.